मार्क 9:24 : बापाने नेमके काय मागितले?

‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप येशूला असे म्हणतो; मराठीत हे वचन आपण असे वाचतो. मूळ ग्रीकमध्ये मात्र ‘घालवणे’ नाही. तिथे क्रियापद आहे ‘बोएथेइ’, म्हणजे मदत कर, धावून ये. मदत कशाला? ‘माझ्या अविश्वासाला’. अविश्वास आधी गेला पाहिजे असे बाप म्हणतच नाही. आहे त्या अवस्थेतच हात मागतो.

तो इथवर कसा आला, ते 14व्या वचनापासून वाचले तरच कळते. दुष्ट आत्म्याने ग्रासलेला मुलगा लहानपणापासून विस्तवात, पाण्यात पडतो आहे. येशूच्या शिष्यांना त्याला बरे करणे जमलेले नाही. म्हणून बाप येशूला चाचरत म्हणतो, ‘तुम्हाला काही करता येत असेल तर मदत करा.’ या 22व्या वचनात क्रियापद एकदाच करायच्या मदतीचे आहे, ‘बोएथेसोन’. 24व्यात तेच चालू काळाच्या आज्ञार्थात येते: मदत करत राहा. मत्तय आणि लूक हीच घटना सांगतात, पण बापाचा हा उद्गार एकट्या मार्ककडे आहे.

खरा घोळ 23व्या वचनात झाला. सिनाय आणि व्हॅटिकन या ग्रीक बायबलच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत येशू बापाचेच शब्द परत उच्चारतो: ‘“करता येत असेल तर” म्हणतोस?’ नंतरच्या पुष्कळ प्रतींत त्यात ‘विश्वास ठेवणे’ हे क्रियापद शिरले आणि वाक्य झाले, ‘तुला विश्वास ठेवता येत असेल तर’. प्रश्न येशूच्या सामर्थ्याचा होता, तो बापाच्या कुवतीवर आला. किंग जेम्स हे जुने इंग्रजी भाषांतर याच पाठावर उभे आहे. आजारी माणसाच्या घरच्यांना ‘तुमचाच विश्वास कमी पडला’ असे सुनावताना हे वचन पुढे केले जाते, तेव्हा त्याला या जुन्या भरीचा आधार मिळतो. तसे सुनावणे अन्यायाचे आहे. 24व्या वचनातले ‘डोळ्यांत आसवे आणून’ हे शब्दही त्या दोन प्रतींत नाहीत.

प्राचीन चर्चचा धर्मपंडित ऑगस्टीन याने या उद्गारात विश्वास पाहिला, पण अपुरा. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याने दोन्ही विधाने परस्परविरोधी वाटू शकतात, तरी आपल्यापैकी प्रत्येकाला दोन्हींचा अनुभव असतो असे लिहिले. अविश्वासासाठी इथला ग्रीक शब्द ‘अपिस्तिया’ आहे हेही ध्यानात घ्यावे. येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडू लागतो तेव्हाच्या संशयाला मत्तय ‘दिस्ताझो’ हे वेगळे क्रियापद वापरतो, म्हणजे मन दोन वाटांवर असणे. ‘अपिस्तिया’ त्याहून जड. 19व्या वचनात येशू ज्या ‘अविश्वासी पिढी’वर त्रासून बोलतो, तिथेही हेच मूळ आहे. बाप जणू कबूल करतो, त्या पिढीतला मीही आहे.

पुढच्या वचनात येशू त्याला आणखी काही विचारत नाही. गर्दी धावत येताना पाहून तो सरळ मुलातल्या त्या आत्म्याला धमकावतो, ‘याच्यातून नीघ.’