पडाव, आगबोट आणि बंदर : कोकणच्या किनारी वाहतुकीची पार्श्वभूमी

कोकणच्या सागरी इतिहासाची आठवण बहुधा आरमारापासून सुरू होते आणि आरमारापाशीच थांबते. कान्होजी आंग्रे, खांदेरी, १७५६ मध्ये इंग्रजांनी जिंकलेला विजयदुर्ग हे सारे अभिमानाने सांगण्यासारखेच आहे. परंतु याच पाण्यावरून शतकानुशतके तांदूळ, मीठ, सुपारी, काथ्या, लाकूड आणि मंगलोरी कौले वाहून नेणाऱ्या गलबतांचा, आणि त्यांवर राबणाऱ्या खलाशांचा, इतिहास फारसा कोणी मांडलेला नाही. एखाद्या बंदराच्या गावी किनारी जहाजवाहतुकीचे छोटेसे संग्रहालय उभारायचे असेल, तर त्याचा गाभा माझ्या मते हा व्यापारी इतिहासच असला पाहिजे.

या वाहतुकीचा पाया भूगोलाने घातला. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळी पट्टी खाड्यांनी जागोजागी तोडलेली असल्यामुळे उत्तर-दक्षिण जमिनीचा रस्ता अवघड होता, तर घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाडीच्या मुखापर्यंत आणून गलबतात भरणे त्या मानाने सोपे होते. कुंभार्ली घाटाने उतरलेला माल चिपळूणहून वाशिष्ठी खाडीमार्गे दाभोळकडे जाई, आणि अणुस्कुरा घाटाचा माल राजापूरला येई. पुढे राजापूरची खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते जैतापूरलाच थांबू लागली, आणि घाटावर रेल्वे पोहोचल्यावर बैलांचे तांडेही कमी झाले.

पडावाचा, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबताचा, हंगाम नारळी पौर्णिमेनंतर सुरू होई आणि पावसाळ्याच्या तोंडावर संपे. पावसाळ्याच्या महिन्यांत गलबत खाडीत ओढून घेत, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून भरत आणि लाकडाला तेल पाजत. एकदा समुद्रात उतरले की सारे गणित वाऱ्याचे असे. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर किनाऱ्यापासून दूर जायचे आणि दुपारी खारा वारा फिरला की त्याच्या आधाराने पुढच्या बंदराकडे वळायचे, हा तांडेलाचा, म्हणजे गलबताच्या म्होरक्याचा, रोजचा हिशेब होता. हंगामात उत्तरेकडचा वारा अधिक असल्याने मुंबईहून खाली उतरणे सोपे आणि मुंबईकडे चढणे कष्टाचे असे. तिरक्या काठीवर बांधलेले त्रिकोणी शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घ्यायचे म्हणजे ती लांबलचक काठी डोलकाठीभोवती फिरवावी लागे, आणि त्यासाठी गलबतावरच्या प्रत्येक हाताची गरज पडे. रात्री हे काम करताना दोर नेमका कोणी सोडायचा आणि कोणी धरायचा, हे आवाजावरूनच कळावे लागे.

गलबतावर खोली अशी नसे. माल भरल्यावर उरलेल्या जागेत माणसे झोपत. मातीने लिंपलेल्या लाकडी खोक्यात चूल पेटे आणि वयाने सर्वांत लहान पोराकडे बहुधा रांधण्याचे काम येई. भात, सुकी मासळी, वाटेत गळाला लागली तर ताजी मासळी, आणि पिंपातले मोजून वापरायचे गोडे पाणी एवढ्यावर दिवस निघत. कमाई अनेकदा ठरलेल्या पगाराऐवजी भाड्यातल्या वाट्याने मिळे, त्यामुळे भाडे बुडाले की घरची चूलही थंडावत असे. चित्रांतून दिसणाऱ्या डौलदार शिडामागे हे हिशेब होते, आणि संग्रहालयात ते शिडाइतक्याच ठळकपणे यायला हवेत.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि प्रवासी वाहतूक त्यांच्याकडे गेली. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरांची नावे मुंबईत गिरणीकामासाठी गेलेल्या चाकरमान्यांना तोंडपाठ होती. कित्येक ठिकाणी आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या यांची छोट्या पडावातून ने-आण होई. लाटांवर डोलणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकण्याचा क्षण वृद्ध, मुले आणि लेकुरवाळ्या बायका यांना फार कठीण जाई.

या प्रवासाची दुःखद बाजूही मांडलीच पाहिजे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आजच्या रायगड जिल्ह्यातील रेवसकडे निघालेली ‘रामदास’ भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत सणासाठी घरी निघालेले लोक मोठ्या संख्येने होते. एका बोटीने किनाऱ्यावरच्या इतक्या गावांत एकाच वेळी सुतक आणले, तरी या दुर्घटनेची आठवण आज जिल्ह्याबाहेर क्वचितच निघते.

पुढच्या दशकांत ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ अशा बोटी धावल्या, पण खाड्यांवर पूल झाले, एस.टी. आणि ट्रक दारापर्यंत पोहोचले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू होण्यापूर्वीच जुना बोटप्रवास संपला होता. पडावांना आधी इंजिने बसली आणि मग भाडेच मिळेनासे झाले.

लाकडी गलबत निकामी झाले की त्याच्या फळ्या दुसऱ्या कामाला जातात, म्हणून अखंड पडाव मिळण्याची आशा थोडी आहे. होकायंत्र, कंदील, कप्पी, भाड्याच्या वह्या मात्र अजून किनाऱ्यावरच्या घरांच्या माळ्यावर सापडतात. केवळ शिडावर गलबत चालवलेले तांडेल आता अगदी मोजके आणि फार थकलेले आहेत. वस्तू गोळा करण्याआधी त्यांच्याकडे जाऊन त्यांचे बोलणे नोंदवून घ्यायला हवे.