बाथरूमच्या भिंतीला ड्रिल लावताय? आधी हे वाचून घ्या

आपल्या दुकानातून टॉवेल रॉड, आरसा, कॉर्नर रॅक, गीझर असं काहीही नेलं की हा कागद पिशवीत टाकतो. वाचायला पाच मिनिटं लागतात, पण टाइल फोडून पाइप जोडायला अख्खा दिवस जातो आणि त्याच रंगाची टाइल परत मिळत नाही ती वेगळीच डोकेदुखी.

आता नवीन बांधकामात सगळं भिंतीच्या आत असतं, पाइप आत, वायरी आत, वरून चकचकीत टाइल. जुन्या घरात जीआयचा (लोखंडी) पाइप भिंतीवरून उघडा जायचा, दिसायला खराब पण निदान दिसायचा तरी! आता सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप भिंतीत झिरी म्हणजे खाच मारून आत गाडतात, आणि टाइल धरून तो साधारण इंच-दीड इंचावर असतो. 8 नंबरच्या गिट्टीला (स्क्रू धरायचा प्लास्टिकचा प्लग) भोक लागतं 40 एमएम खोल, म्हणजे दीड इंचाच्या थोडं वरच. हिशोब तुम्हीच करा.

पाइप कुठून गेला असेल?

चांगल्या प्लंबरचं काम सरळ असतं. मिक्सरपासून शॉवरचा पाइप नीट उभा वर जातो, गीझरच्या दोन पॉइंटपासून पाइप खाली येतात. वॉल मिक्सरच्या दोन तोंडांत 6 इंचाचं अंतर असतं, डावीकडे गरम, उजवीकडे गार. म्हणून नळ, शॉवर, गीझरचा पॉइंट, स्विचबोर्ड, यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत दोन्ही बाजूंना 6-6 इंच जागा सोडायची, तिथं भोक नको म्हणजे नकोच. पण हे झालं सरळ कामाचं, पाइप वाचवायला तिरपी झिरी मारणारेही आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे नुसत्या अंदाजावर जाऊ नका. भिंतीची दुसरी बाजूही बघा. मधली भिंत बहुतेक 4 इंचीच असते, पलीकडे किचनचं सिंक नाहीतर बेडरूमचा बोर्ड असला तर त्याचीही लाइन याच भिंतीत असते.

गरम पाइप शोधायची एक सोपी युक्ती आहे, थंडीत सकाळी गीझरचं पाणी पाच-दहा मिनिटं सोडून ठेवा आणि टाइलवर हात फिरवा, पाइप फार खोल नसेल तर कोमट पट्टा जाणवतो. मे महिन्यात हे करू नका, जळगाव-भुसावळच्या उन्हात गच्चीवरच्या टाकीचं गार पाणीच चटका देतं, काही कळणार नाही. वॉल स्कॅनर मिळतो, धातू आणि चालू वायर बऱ्यापैकी दाखवतो, पण साधे स्कॅनर सीपीव्हीसीला फसतात, ओल्या भिंतीवर तर जास्तच. स्कॅनरनं वायर शोधताना गीझरचं बटण चालू ठेवा, कारण बटण बंद असलं की पुढच्या वायरीत करंटच नसतो आणि मशीन सांगतं सगळं मोकळं आहे. शोधून झालं की मग बंद.

घर अजून बांधताय? मग टाइल लागायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती ते दिसलं पाहिजे. हे काम फुकटात होतं आणि तरी कोणी करत नाही.

लाइट बंद म्हणजे नक्की काय बंद?

इथं सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून जरा सविस्तर. मेन पाडला म्हणजे झालं असं लोकांना वाटतं, पण आपल्याकडे बहुतेक घरी इन्व्हर्टर आहे आणि बाथरूमचा बल्ब बऱ्याचदा त्याच्याच लाइनवर असतो. मेन बंद केला की इन्व्हर्टर लगेच चालू होतो आणि भिंतीतली ती वायर जिवंतच राहते. लोडशेडिंगमध्ये लाइट गेलेली आहे तर उरकून घेऊ म्हणणाऱ्यांनाही हेच. म्हणून मेन बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा, मग बाथरूमच्या बोर्डात टेस्टर लावून बघा, आणि तो टेस्टर मेन बंद करायच्या आधी चालू प्लगमध्ये पेटतोय का तेही बघा. आता मेन बंद तर ड्रिल कशावर चालणार? बॅटरीचं ड्रिल वापरा. ते नसेल तर आम्हाला बोलवा, हॉलमधून वायर ओढून काम करायच्या भानगडीत पडू नका.

एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडला नाही म्हणजे वायर वाचली असंही नाही. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो. वायरीचं नुसतं कव्हर सोललं गेलं आणि स्क्रू तिला टेकला, तर टॉवेल रॉडमध्ये करंट उतरू शकतो आणि ओल्या हातानं रॉड धरणाऱ्याला तो कळतो. त्यासाठी 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की पडणारा स्विच) बसवून घ्या, त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघत जा.

ड्रिल मारताना

टाइलवर आधी मास्किंग टेप, मग डायमंड नाहीतर टाइलचा बिट, स्पीड कमी, ड्रिलचा हॅमर मोड बंद. टाइल पार झाल्यावरच गरज पडली तर हॅमर. टाइलच्या अगदी काठाला भोक घेऊ नका, तडा जातो. बिटावर 40 एमएमला टेप गुंडाळा म्हणजे खोली कळते. विटेचा लाल भुगा यायचा सोडून ओली माती यायला लागली किंवा बिट एकदम गुळगुळीत सरकला तर जागेवर थांबा. गिट्टीच्या आधी भोकात थोडं सिलिकॉन भरा म्हणजे पाणी आत मुरत नाही. 15 लिटरचा गीझर पाणी भरल्यावर 20 किलोच्या वर जातो, त्याला गिट्टी चालत नाही, फास्टनरच (भिंतीत फुगून बसणारा लोखंडी बोल्ट) पाहिजे.

आणि पाइप लागलाच तर

दुकानात फोन येतो, "आते काय करानं भाऊ?" आधी ड्रिल सोडा, प्लगवर असेल तर त्याचा प्लग काढा (हात कोरडे पाहिजेत), मग गच्चीवरचा कॉक बंद करा, आणि खालचे नळ सोडून लाइन रिकामी करा. हा कॉक ड्रिल लावायच्या आधीच एकदा फिरवून बघा, क्षाराच्या पाण्यानं तो जाम झालेला असतो हे नेमकं पाणी उडायला लागल्यावर समजतं. फवारा आला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, कधी स्क्रूच भोक दाबून बसतो आणि दोन-चार महिन्यांनी पलीकडच्या भिंतीला ओल येते. एम-सील लावून वरून टाइल चिकटवू नका, तेवढा तुकडा कापून कपलर (पाइप जोडायचा तुकडा) टाकावा लागतो आणि त्याला लावलेलं सोल्युशन (पाइप चिकटवायचा डिंक) सुकेपर्यंत पाणी सोडता येत नाही.

आम्हाला बोलवत असाल तर आदल्या दिवशी भिंतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, इन्व्हर्टर कुठे आहे ते सांगा, आणि दोन बादल्या पाणी भरून ठेवा, काम चालू असताना कॉक बंद असणार आहे.