भाड्याच्या घराचा दुरुस्ती व बदल खर्च (ग्रामीण विदर्भ)

भाड्याने दिलेल्या घराची डागडुजी करण्यासाठी आणि आयुष्य संपलेल्या वस्तू नव्याने बसवण्यासाठी घरमालकाला येणारा खर्च. विदर्भातील तालुक्याच्या व बाजाराच्या गावांत शिक्षक, आरोग्यसेविका, बँक कर्मचारी अशांना दोन-तीन खोल्या दिल्या जातात. भाडे थोडे असते, साहित्य मात्र शहरातूनच येते.

सर्वांत महाग पडते ती पायाची हयगय. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. मे महिन्यात भेग सर्वांत रुंद असते. तेव्हाच ती सिमेंटने गच्च भरली, तर पावसाळ्यात तिला मिटायला जागा उरत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. म्हणून आधी पाणी अडवावे. न्हाणीचे सांडपाणी, कूलरची गळती, छताची धार यांपैकी काहीही पायाशी मुरू देऊ नये. भिंतीलगत सुमारे १ मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करावा. भेगेवर छपाईचा (प्लास्टरचा) पातळ ठिपका देऊन एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहावा. ठिपका तडकला नाही, तरच भेग खोदून, जाळी मारून छपाई करावी.

कवेलूचे (मातीच्या कौलांचे) छत दरवर्षी पावसाआधी फेरावे, म्हणजे उतरवून पुन्हा रचावे लागते. माकडांनी फोडलेली कवेलू आणि वाळवी लागलेल्या बल्ल्या (लाकडी वासे) त्याच वेळी बदलतात. टिनाचे छत बहुधा पत्र्यातून नव्हे, बोल्टच्या छिद्रातून गळते, कारण रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर असावा, खाचेत नको. अवकाळी वादळ पत्रा कडेकडून उचलते, तेव्हा कडेचे बोल्ट जवळजवळ घ्यावेत.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारे असलेल्या भागात, लोखंडी नळ लवकर गंजतात. बदलताना प्लास्टिकचेच घालावेत.

एका खर्चात कधीही काटकसर करू नये: अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच). ओल्या कूलरमध्ये उतरलेला विद्युतप्रवाह जीव घेतो. कूलर भाडेकरूचा असला तरी वायरिंग मालकाचे असते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकावे.

मोठ्या बदलांची तरतूद दरमहा करावी. समजा, ६०,००० रुपयांचे छत १५ वर्षे टिकणार असेल, तर वर्षाला ४,००० म्हणजे महिन्याला सुमारे ३३३ रुपये फक्त छताचे. पंप, वायरिंग, दारे यांचा हिशेब असाच वेगळा मांडावा. भाडे ठरवताना ही बेरीज हाताशी हवी.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ नुसार, जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो; करारात वेगळे ठरले असल्यास करार लागू होतो. त्यामुळे छत, भिंती, वायरिंग मालकाकडे आणि नळाचे वॉशर, दिवे, तुटलेली काच भाडेकरूकडे, असे करारातच लिहावे.

आयकरात घरभाड्याच्या निव्वळ वार्षिक मूल्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्ती त्याहून कमी झाली किंवा जास्त, आकडा बदलत नाही. मालकाने त्या वर्षी भरलेला घरकर त्याआधीच वजा होतो. ग्रामपंचायतीची पावती जपून ठेवावी.