ॲरिस्टॉटलचे ग्रंथ आणि 'फॉगबँक'चं कोडं

इ. स. पूर्व ३२२ मध्ये ॲरिस्टॉटल वारला. त्याची अथेन्समधली शाळा, लायसियम, पुढे थिओफ्रास्टसने चालवली. मृत्युपत्रात मात्र थिओफ्रास्टसने सगळे ग्रंथ शाळेला न देता नेलिअस या सहकाऱ्याला दिले. शाळेची सूत्रं गेली स्ट्रेटोकडे, आणि ग्रंथ गेले नेलिअसच्या गावी, आजच्या तुर्कस्तानातल्या स्केप्सिसला.

पुढची हकिगत भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. नेलिअसच्या वारसांना या विद्येचं काही देणंघेणं नव्हतं. पर्गामॉनचे राजे ग्रंथालयासाठी पुस्तकं धुंडाळत होते. त्यांच्या हाती लागू नये म्हणून वारसांनी सगळा संग्रह जमिनीखाली दडवला. ओल आली, कसर लागली. बऱ्याच काळाने ॲपेलिकॉन नावाच्या पुस्तकवेड्याने तो विकत घेतला आणि खाल्लेल्या जागी अंदाजाने शब्द भरून नकला काढल्या. त्या चुकांनी भरलेल्या निघाल्या. अथेन्समध्ये शिकवणारी माणसं होती, पण ग्रंथ मोजकेच. इतर प्रतीही तेव्हा असाव्यात, म्हणून आजचे अभ्यासक ही हकिगत जशीच्या तशी मानत नाहीत. तरी एखाद्या संस्थेचं ज्ञान कसं हरवतं, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी गोष्ट मला दुसरी ठाऊक नाही.

खुद्द ॲरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'च्या सुरुवातीलाच म्हटलंय की, अनुभवी माणसाला 'असं होतं' हे ठाऊक असतं, तर कलेच्या जाणकाराला 'का होतं' हे कळतं, म्हणून तो शिकवू शकतो. निवृत्त होणारा माणूस चार्ज देताना जी फाइल सोपवतो, तिच्यात हे 'का' क्वचितच सापडतं.

अमेरिकेने त्याची किंमत मोजली. 'फॉगबँक' हा अण्वस्त्रांत वापरला जाणारा गोपनीय पदार्थ. जुन्या डब्ल्यू-७६ अस्त्रांचं आयुष्य वाढवण्यासाठी तो पुन्हा बनवायची वेळ आली, तेव्हा तो जमेना. १९८० च्या दशकातल्या नोंदी तुटपुंज्या होत्या आणि जाणकार जवळपास सगळे निवृत्त झाले होते किंवा सोडून गेले होते, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २००९ मध्ये नमूद केलं. बराच पैसा आणि कित्येक वर्षं खर्ची पडल्यावर कारण सापडलं. जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची. नव्या, काटेकोर शुद्धीकरणात ती निघून जात होती, आणि गरज नेमकी तिचीच होती. पूर्वी फॉगबँक बनवणाऱ्यांनाही हे माहीत नव्हतं. मग नोंदी कितीही चोख ठेवल्या असत्या, तरी त्यांत ते येणार कुठून?