एका घमेल्याचं गणित

रोजगार हमीच्या कामावर माती काढलेल्या खड्ड्यात मध्येच मातीचा एखादा खांब उभा दिसतो. तो कुणाच्या आळसामुळे राहिलेला नसतो. जमीन आधी कुठवर होती, याचा तो साक्षीदार. त्याच्या उंचीवरून खोली, खोलीवरून घनमीटर आणि घनमीटरवरून मजुरी. खांब मुद्दाम उंचवट्यावर ठेवला, तर न खणलेली मातीही हिशेबात येते. खोलगट जागी ठेवला, तर मजुराची कमाई बुडते.

1972च्या दुष्काळानंतर 1973च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. पुढे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. एवढ्या माणसांचं काम नुसत्या हजेरीवर मोजता येत नाही, म्हणून माप आलं. पण माप खड्ड्याचं, आणि दमणूक होते वाहण्यात.

समजा, एक घनमीटर माती 1,600 किलोची आणि घमेल्यात 20 किलो बसते. म्हणजे 80 खेपा. ही माती ज्यावर टाकायची तो बांध 50 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 8 किलोमीटर चाल, त्यातली निम्मी डोक्यावर ओझं घेऊन. बांध दोन मीटर चढला की आणखी एक भर पडते. 50 किलोची बाई 20 किलो माती वर नेते, तेव्हा ती खरं तर 70 किलो वर चढवत असते. सरकारी दरात अंतराला ‘लीड’ आणि उंचीला ‘लिफ्ट’ म्हणतात, ते याचसाठी. मुकादमाने लीड कमी लिहिलं, तर खड्ड्याचं माप अचूक असूनही मजुरी चुकते.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय कागदावरच असतो: माती काढायची जागा बांधाजवळ, पण त्याच्या पायाला धक्का लागणार नाही इतकी लांब आखायची. एकचाकी हातगाडीत 60 किलो माती बसली, तर 80 खेपांच्या 27 होतात. मात्र वाट सपाट आणि टणक हवी. ढेकळांत रुतणाऱ्या गाडीपेक्षा घमेलं परवडलं!

खरी पंचाईत दबाईची, म्हणजे बांधावरची माती दाबून घट्ट करण्याची. मातीच्या कणांभोवती थोडं पाणी असलं की ते एकमेकांवरून सरकून घट्ट बसतात. कोरड्या मातीत अडून राहतात, आणि पाणी जास्त झालं तर कणांमधल्या जागा तेच अडवून बसतं. मुठीत दाबलेला गोळा टिकला आणि तळहात ओला झाला नाही, तर ओल साधारण बरोबर. पण दुष्काळी काम निघतं भर उन्हाळ्यात. प्यायला टँकर येतो, तिथे बांधावर शिंपडायला पाणी कुठलं? तशीच कोरडी माती टाकली, तर पहिल्या मोठ्या पावसात बांध खचतो, कधी फुटतोही.

म्हणून माझ्या मते उन्हाळ्यात खडी फोडावी, दगड गोळा करावा, चर खणावेत. बांधावरची भर विहिरींना पाणी असतं तेव्हा, हिवाळ्यात घालावी, वीतभर जाडीच्या थरांनी. मात्र त्यासाठी कामाची आखणी आणि मंजुरी दिवाळीआधी तयार लागते.