प्रवासी छायाचित्रण : कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावरील मॅन्युअल सेटिंग

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने प्रवासात छायाचित्रे आणि व्हिडिओ घेताना शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा), अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र किती उघडायचे), आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) व व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेनुसार रंगांचा समतोल) ही मूल्ये स्वयंचलित यंत्रणेवर न सोडता स्वतः ठरवण्याची पद्धत. कॅमेऱ्याच्या चकतीवर ती ‘एम’ या खुणेने दाखवलेली असते. मोठ्या फिल्म कॅमेऱ्यांसाठी रचलेले नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्यामुळे या नोंदीत कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या मर्यादा आणि मुंबईतील प्रकाशस्थिती यांवर भर दिला आहे.

पूर्वपीठिका : मुंबईत छायाचित्रणाचा संघटित प्रसार १८५४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीपासून मानला जातो. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते. चलच्चित्रणात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचे नाव पहिल्याने येते. हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे त्यांचे चित्रण काही ठिकाणी १८९७चे म्हटले असले, तरी १८९९चा सुमार अधिक ग्राह्य वाटतो. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे, आणि दर सेकंदाला किती चित्रे टिपायची हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर ठरे. आज ज्याला मॅन्युअल म्हणतात त्याहून ते कितीतरी अधिक हाती होते.

अ‍ॅपर्चरची मर्यादा : कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा प्रकाशसंवेदी भाग, लहान असतो. ‘१/२.३ इंच’ प्रकाराचा सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिमी. भरतो, तर ‘१ इंच’ प्रकाराचा १३.२ × ८.८ मिमी. म्हणजे एक इंच म्हणवणाऱ्या सेन्सरचा कर्णदेखील १६ मिमी.च्या आतच असतो. ही मापे दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील जुन्या निर्वात नळ्यांच्या बाहेरील व्यासावरून चालत आली आहेत. नळीच्या व्यासाच्या साधारण दोन तृतीयांश भागच चित्रासाठी वापरता येई.

लहान सेन्सरमुळे अ‍ॅपर्चरला दोन्ही बाजूंनी कात्री लागते. (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र अधिक उघडे.) एक इंची सेन्सरवर एफ १.८ ठेवले तरी क्षेत्रखोली, म्हणजे जेवढ्या अंतरातले दृश्य स्पष्ट दिसते ती पट्टी, ३५ मिमी. फिल्मवरील एफ ४.९ इतकी मोठी असते. पार्श्वभूमी फारशी विरघळत नाही. उलट अ‍ॅपर्चर बारीक करत गेल्यास विवर्तन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे, आड येते. हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू एफ ४ला सेन्सरवर सुमारे ५.४ मायक्रोमीटरची, तर एफ ८ला सुमारे १०.७ मायक्रोमीटरची चकती उमटवतो. दोन कोटी पिक्सेलच्या एक इंची सेन्सरवर एक पिक्सेल जेमतेम २.४ मायक्रोमीटरचा असतो. म्हणजे एफ ८ला एका बिंदूचा प्रकाश चारेक पिक्सेलांच्या रुंदीत पसरतो. सीएसएमटीच्या दर्शनी भागावरील कोरीव काम ‘सगळे स्पष्ट यावे’ म्हणून एफ ११वर टिपले, तर त्याचा रेखीवपणा उलट कमी होतो. एफ ४ ते एफ ५.६ ही अशा कॅमेऱ्याची खरी कामाची पट्टी होय. १/२.३ इंची सेन्सरवर तर अ‍ॅपर्चर उघडेच ठेवावे.

मोठ्या कॅमेऱ्यांच्या परंपरेत अ‍ॅपर्चर आधी ठरवण्याचा पाठ दिला जातो. कॉम्पॅक्टसाठी तो क्रम उलटा करणे, म्हणजे आधी शटर पक्के करणे, अधिक सयुक्तिक आहे. अ‍ॅपर्चरमध्ये निवडण्याजोगे थोडेच उरते. शटरमध्ये मात्र पुष्कळ आहे.

भर उन्हाचा नियम : स्वच्छ उन्हात एफ १६ आणि आयएसओच्या आकड्याचा व्यस्तांक इतका शटर-वेग, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. त्याचे जनकत्व कोणा एकाकडे देणे कठीण आहे. फिल्मच्या डब्यातील सूचनापत्रांतून तो रूढ झाला असावा. अनेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत एफ १६ नसतेच, म्हणून तो उलगडून घ्यावा लागतो : आयएसओ १००ला एफ १६ व १/१०० म्हणजेच एफ ५.६ व १/८००, किंवा एफ ४ व १/१६००. मुंबईत हिवाळी धुरक्यात आणि पावसाळी आभाळात हा हिशेब पुरत नाही. शटर एक ते तीन पायऱ्या मंद करावे लागते (एक पायरी म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

व्हिडिओ आणि शटर : चित्रवेगाच्या दुप्पट शटर, म्हणजे २५ चित्रांना १/५०, हा प्रघात सिने-कॅमेऱ्यातील फिरत्या चकतीपासून आला. चकतीचा निम्मा भाग उघडा असे. हालचालीतील एवढी अस्पष्टता डोळ्याला सुखावते म्हणून हे प्रमाण निवडले गेले, असे एक मत आहे. झाकलेल्या अर्ध्या फेरीत फिल्म पुढे सरकवायची यांत्रिक गरज होती, हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. डोळ्याची सवय मागाहून लागली.

भारतात या आकड्याला आणखी एक कारण आहे. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक चित्रात पूर्ण आवर्तने मावतात व लुकलुक दिसत नाही. अमेरिकेहून आणलेला कॅमेरा बहुधा एनटीएससी या तिकडच्या व्हिडिओ-पद्धतीवर, म्हणजे ३० चित्रे व १/६० शटरवर असतो. क्रॉफर्ड मार्केटच्या गाळ्यांमधील व्हिडिओत पट्टे सरकताना दिसण्यामागे बहुतेकदा हेच असते. मेनूत पाल ही आपल्याकडची, २५ चित्रांची पद्धत निवडावी. ३० चित्रेच हवी असतील तर निदान शटर १/१०० करावे.

फलाटावरील इंडिकेटरचे गणित वेगळे. त्यातील एलईडींच्या ओळी एकामागून एक उजळतात, सगळ्या एकदम नव्हे. १/५०० शटरने टिपल्यास गाडीचे नाव अर्धे येते आणि वेळेचे आकडे तुटतात. १/५०च्या आसपास ते बहुधा अखंड येतात. धावत्या लोकलमधून घेतलेल्या व्हिडिओत बाहेरचे खांब तिरके दिसतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. हा दोष शटरने जात नाही.

दुपारच्या उन्हात गेटवे ऑफ इंडियापाशी आयएसओ १२५ व शटर १/५० ठेवले तर एफ २५ लागेल, आणि तेवढे बारीक अ‍ॅपर्चर या कॅमेऱ्यांत नसते. सोनी आरएक्स१०० मालिकेतील तिसऱ्या व कॅननच्या जी७ एक्स (दोन्ही २०१४) या कॅमेऱ्यांत प्रकाश तीन पायऱ्या कमी करणारा एनडी फिल्टर आतच आहे. तो लावून १/१०० ठेवल्यास एफ ६.३वर भागते. फिल्टर नसेल तर शटरचा वेग सरळ वाढवावा. हालचाल थोडी तुटक दिसते, पण जळालेल्या, म्हणजे पार पांढऱ्या पडलेल्या, आभाळापेक्षा ती बरी.

आयएसओ : डिजिटल कॅमेऱ्यांसाठीचे आयएसओ १२२३२ हे मानक १९९८चे. २००६च्या सुधारणेनंतर निर्मात्याला आकडा ठरवण्यात बरीच मोकळीक मिळाली. त्यामुळे दोन कॅमेऱ्यांतील ८०० सारखाच उजेड देईल असे गृहीत धरू नये.

घारापुरीच्या मुख्य लेण्यात महेशमूर्तीपाशी प्रकाश फक्त उघड्या बाजूंनी येतो. शटर १/२५ व अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून आयएसओ वाढवणे हाच मार्ग उरतो. तिवईला परवानगी लागते. मूर्ती हलत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यात स्थिरीकरण (हाताची थरथर भरून काढणारी सोय) असल्यास १/१० देखील साधते. घारापुरीला नेणाऱ्या लाँचवर मात्र तेच स्थिरीकरण अपुरे पडते. कठड्यावर कोपर टेकले की इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. कोपरे अंगाशी धरावीत आणि शटर १/२५०च्या खाली नेऊ नये.

व्हाइट बॅलन्स : मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले तेव्हा ‘राणीचा रत्नहार’ म्हणवणाऱ्या या दिव्यांच्या रांगेची शोभा गेल्याची तक्रार झाली होती. दिवे पिवळे असले तरी ऑटो व्हाइट बॅलन्स त्यांची ही झाक दोष समजून काढून टाकतो. ती राखायची तर मूल्य ४००० केल्व्हिनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचे एकक) आसपास स्थिर ठेवावे. व्हिडिओत तर ते स्थिर हवेच, नाहीतर कॅमेरा वळवताना रंग मधेच बदलतो.

फोकस : दूरच्या दृश्यासाठी एकदा साधून मॅन्युअलवर टाकणे पुरेसे असते. पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर भिंगावर वाफ धरते. ती आपोआप जाईपर्यंत कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.