एकल प्रकाशस्पंदाचे टायमर सर्किट : बिघाड व शोध

बटण एकदा दाबले की एलईडी ठरलेला वेळ एकदाच लागून विझावा, यासाठी हौशी मंडळी ५५५ या आयसीवर (एकाच चिपमध्ये बसवलेल्या सर्किटावर) जे सर्किट बांधतात ते एकल स्पंदाचे, म्हणजेच मोनोस्टेबल सर्किट. ५५५ची रचना हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी केली. १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि आजही शिकणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा हीच आयसी पडते. आतले प्रत्येकी ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर पुरवठ्याच्या व्होल्टेजचे तीन समान भाग करतात. पिन २ वरचे व्होल्टेज एक-तृतीयांशाच्या खाली गेले की पिन ३ चे आउटपुट चढते आणि पिन ७ कपॅसिटरला भरू देते. कपॅसिटर दोन-तृतीयांशापर्यंत भरला की पिन ६ ला ते कळते, आउटपुट उतरते आणि कपॅसिटर रिकामा होतो. स्पंदाचा काळ १.१ × आर × सी इतका असतो; आर म्हणजे कपॅसिटर ज्यातून भरतो तो रेझिस्टर आणि सी म्हणजे तो कपॅसिटर. १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर १.१ सेकंद.

सोलापुरात हे सर्किट शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, पॉलिटेक्निक व अभियांत्रिकीच्या प्रॅक्टिकलमध्ये आणि घरच्या टेबलावर बांधले जाते. त्याचा सर्वांत देखणा उपयोग छायाचित्रणात आहे. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवायचे, वाटीत पाण्याचा थेंब पडू द्यायचा आणि नेमक्या क्षणी प्रकाशाची एकच चमक द्यायची. २० सेंटिमीटरवरून पडणारा थेंब खाली येईतो सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने जात असतो. चमक १ मिलिसेकंदाची असेल तर तेवढ्यात तो २ मिलिमीटर सरकतो आणि फोटोत नुसता ओघळ दिसतो. चमक १०० मायक्रोसेकंदांवर आणली तर सरकणे ०.२ मिलिमीटरवर येते आणि थेंबाची कडा उठून दिसते. ९.१ किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड (अंगावर १०३ छापलेला कपॅसिटर) घेतले की हा काळ मिळतो. खरी अडचणही इथेच सुरू होते.

बहुतेक बिघाड वेळ ठरवणाऱ्या आर-सीच्या जोडीत नसतात. ते पिन २ पाशी आणि पुरवठ्यात असतात. नवशिका मात्र आधी आर-सी बदलत बसतो आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते. बटण थेट पिन २ आणि ग्राउंड यांच्यात जोडलेले असते. बोट कितीही चपळ असले तरी बटण सेकंदाचा दहावा हिस्सा तरी दाबलेले राहते. पिन २ खाली आहे तोवर ५५५ आउटपुट खाली आणत नाही, मग कपॅसिटर केव्हाचा भरलेला का असेना. म्हणून एलईडी १०० मायक्रोसेकंद न लागता बोट उचलेपर्यंत लागून राहतो, आणि आर-सी कितीही बदलले तरी फरक पडत नाही.

यावर उपाय असा. बटणाच्या वरच्या टोकाला १० किलोओहमचा रेझिस्टर पुरवठ्याकडे जोडावा. त्याच टोकापासून पिन २ पर्यंत एक लहान कपॅसिटर आणावा. पिन २ वरून दुसरा १० किलोओहमचा रेझिस्टर पुरवठ्याकडे न्यावा आणि त्याला समांतर १एन४१४८ डायोड लावावा, पट्ट्याची बाजू पुरवठ्याकडे. आता बटण दाबल्याची फक्त पडती कड, म्हणजे व्होल्टेज खाली कोसळण्याचा क्षण, पिन २ ला कळते, दाबून ठेवणे कळत नाही. बटण सुटताना पिन २ पुरवठ्याच्याही वर उसळू पाहते, ती उसळी डायोड अडवतो. हा कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा असेल तर पिन २ सुमारे ४० मायक्रोसेकंद एक-तृतीयांशाच्या खाली राहते, १ नॅनोफॅरडचा असेल तर सुमारे ४. शंभराच्या स्पंदाला दोन्ही चालतात, पण १ नॅनोफॅरड घेतलेला बरा. पुढे स्पंद आणखी आखूड करायला वाव राहतो.

यानंतर फोटोत एका थेंबाऐवजी तीन-चार पुसट थेंब दिसू लागतात. हा बटणाच्या संपर्काचा दोष. धातूचे पान टेकताना काही मिलिसेकंद थरथरते आणि प्रत्येक टेकण्यात नवा ट्रिगर, म्हणजे स्पंद सुरू करण्याचा इशारा, पिन २ ला जातो. स्पंद एक सेकंदाचा असता तर ही सगळी थरथर त्याच्या पोटातच जिरली असती, कारण स्पंद चालू असताना आलेल्या नव्या ट्रिगरने ५५५चा काळ नव्याने सुरू होत नाही. बटणाला समांतर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की मधल्या उघडझापीत व्होल्टेज फारसे चढू शकत नाही, आणि पुढची पडती कड पिन २ ला हलवण्याइतकी मोठी राहत नाही. काही जण बटणासोबत मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर घालतात. या सर्किटात तो घालू नये. त्याने पहिली कडही मंदावते आणि १ नॅनोफॅरडमधून पिन २ पर्यंत काही पोचत नाही.

डोळ्याला १०० मायक्रोसेकंदांची चमक एक की चार हे कळत नाही, आणि साधा मल्टिमीटर ती दाखवतच नाही. व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप सगळ्यांकडे नसतो. म्हणून शोध घेताना सर्किट मंद करावे : ०.०१ मायक्रोफॅरडच्या जागी १० मायक्रोफॅरड लावला की तोच स्पंद सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा होतो. बटण दाबून धरल्यावर मंद सर्किटातही एलईडी लागून राहिला तर दोष पिन २ च्या जोडणीत आहे. मंद सर्किट एकदाच चमकते आणि जलद सर्किट फोटोत अनेक प्रतिमा उमटवते, तर दोष थरथरीचा. एका कपॅसिटरच्या अदलाबदलीत इतके कळणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

बटण न दाबताही चमक येते, त्या बिघाडात सोलापूरचा स्वतःचा वाटा आहे. शहराच्या पूर्व भागात घराला लागून किंवा भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात. मोटर सुरू-बंद होताना वीजवाहिनीवर जे धक्के उठतात ते स्वस्त अॅडाप्टरमधून सर्किटात शिरतात. पंख्याचे बटण किंवा ट्यूबलाइटचा चोकही हेच करतो. सर्किट अॅडाप्टरवरून काढून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावे. आपोआप चमकणे थांबले तर दोष पुरवठ्याचा. न थांबले तर बटणाकडे जाणारी लांब वायर अँटेनासारखी वागते आहे, ती आखूड करावी. एरवीही पिन १ आणि ८ यांच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड (१०४) आणि शेजारी १०० मायक्रोफॅरड हवाच. जुन्या बायपोलर ५५५मध्ये आउटपुट पालटताना आतले दोन्ही ट्रान्झिस्टर क्षणभर एकदम वाहतात आणि पुरवठा खाली ओढतात. पिन ५ वरून १० नॅनोफॅरड ग्राउंडला द्यावा. पिन ४ (रिसेट) मोकळी सोडू नये. वीज देताक्षणीच एक चमक येत असेल तर पिन ४ ला १० किलोओहम पुरवठ्याकडे आणि १० मायक्रोफॅरड ग्राउंडकडे जोडावा, म्हणजे सर्किट स्थिरावेपर्यंत आयसी रिसेटमध्ये राहते.

लांब स्पंदांचा त्रास वेगळा. १ मेगाओहम आणि १००० मायक्रोफॅरड लावून सुमारे १८ मिनिटांचा काळ मिळवू पाहणाऱ्याचा एलईडी कधी विझतच नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून थोडा प्रवाह सतत गळतो आणि मेगाओहममधून येणारा प्रवाह त्याच्याशी बरोबरी करतो, मग व्होल्टेज दोन-तृतीयांशापर्यंत पोचत नाही. तापमानाबरोबर ही गळती वाढते. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत जानेवारीत नीट चाललेले सर्किट मे महिन्यात अडकू शकते. रेझिस्टर लहान ठेवावा, किंवा टँटलम कपॅसिटर घ्यावा.

राहिला एलईडी. ५ व्होल्टवर बायपोलर ५५५चे आउटपुट जेमतेम ३.३ व्होल्ट चढते आणि पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणून तो मिणमिणतो. पिन ३ वरून १ किलोओहममार्गे बीसी५४७ या ट्रान्झिस्टरचा बेस चालवावा आणि एलईडी कलेक्टरमध्ये घालावा. फोटोसाठी प्रकाश वाढवायला काही जण ९ व्होल्टवर मालिकेतला रेझिस्टर १०० ओहमपर्यंत उतरवतात, तेव्हा प्रवाह ६० मिलिअँपिअरच्या आसपास जातो. साधा ५ मिलिमीटरचा एलईडी अखंड २० मिलिअँपिअरसाठी असतो. क्षणभराच्या चमकेत तो एवढा प्रवाह सोसतो, पण आउटपुट अडकले तर जळतो. पिन २ चा दोष पूर्ण मिटेपर्यंत रेझिस्टर ३३० ओहमचाच ठेवावा.